पाहिलं ते बोल

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी अप्पांनी आपला फोन पूजेला बसवला. पाटावर आधी लॉरीची किल्ली, मग पान्हे, टायरची हवा मोजायचा गेज, राजसबाई अत्याची विळी, ऊर्मीच्या हातातून काढून घेतलेलं अर्धं वाचलेलं पुस्तक, आणि सगळ्यांत शेवटी उजव्या कोपऱ्यात फोन. त्याच्या काचेवर त्यांनी अंगठ्याने कुंकू टेकवलं, वर अक्षता टाकल्या, आणि लॉरी नीट लागली की नाही हे बघावं तसं दोन पावलं मागे सरून मान तिरकी करून पाहिलं.

"अप्पा, फोन कशाला?" ऊर्मी म्हणाली.

"आयुध नाही कां तें? वर्षभर त्याच्याकडून काम करून घेतों. एक दिवस विश्रांति नको त्याला?"

"आणि कोणाला काही लागलं म्हणजे?"

"उद्यां विजयादशमी. सकाळीं उत्तरपूजा केली कीं उचलतों. एक रात्र थांबतील लोक." मग तिच्या हाताकडे बघून, "तुझाहि बसव."

"मला ऑफिस आहे."

"ऑफिसला सांग, फोन देवाकडे गेलाय म्हणून. येतांना बढती घेऊन येतो."

"अरे जनकोजी, सोड त्या पोरीला," अत्या स्वयंपाकघरातून ओरडली. "सुंडल निवालंय. देवाला गार हरभरे घालतोस कीं काय?"

दिवस असाच गेला. त्याच्यात काही नव्हतं, आणि पुढे ऊर्मीला तेच कळेनासं झालं, की त्याच्यात काही कसं नव्हतं. पुरणपोळ्या झाल्या, डांगर झालं. अत्याने डांगरात मीठ कमी घातलं आणि ते मिठाचा दोष म्हणून सांगितलं. दुपारी अप्पा खुर्चीत बसल्या बसल्या झोपले. खिडकीतून तिरुवोट्टियूरच्या समुद्राचा ओला, खारट वारा येत होता आणि कॅलेंडरचं पान भिंतीवर आपटत होतं. ऊर्मीला वाचायला काही नव्हतं. या दिवशी पूजेला बसवलेलं पुस्तक उघडायचं नाही. लहानपणी ही तिला वर्षातली सगळ्यांत मोठी शिक्षा वाटे. त्या दुपारीही तिने दोन-तीनदा पाटाकडे पाहिलं. पुस्तकावर झेंडूचं फूल होतं आणि खुणेची चिठ्ठी फुलाखालून डोकावत होती. अप्पांकडे मात्र तिने फारसं पाहिलं नाही. झोपलेल्या माणसाकडे काय बघायचं.

संध्याकाळी ते तिला मेट्रोपर्यंत सोडायला निघाले. ती आठवडाभर शोळिंगनल्लूरला राहायची, शहराच्या दुसऱ्या टोकाला, ऑफिसजवळच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. तिथे ती संगणकाच्या प्रणाली कशा वापराव्यात याची माहितीपत्रकं लिहायची आणि उरलेल्या वेळात वाचायची. रस्त्यावर येताच अप्पा सुरू झाले. "डावीकडे ऑटो. ऑटोवाल्याचें लक्ष बायकोशीं बोलण्यांत. पुढें म्हैस. म्हैस विचारांत. उजवीकडे फुलवाली, तिचा पोर रस्त्यावर येणार, येणार, आलाच. मागें कोणी नाही. ऊर्मीच्या कपाळाला आठी."

"अप्पा, हळू. लोक बघतायत."

"लोक बघतायत," ते त्याच सुरात म्हणाले.

ही त्यांची पद्धत होती. कित्येक वर्षं त्यांनी स्वतः लॉरी चालवली, कोलकात्यापासून कांडल्यापर्यंत. मग गुडघा दुखायला लागला तेव्हा गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यांपलीकडे एका अवजड वाहनांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला लागले. शिकणाऱ्याने स्टीअरिंगला हात लावायच्या आधी तोंड उघडायचं. जे दिसेल ते मोठ्याने बोलायचं: आरशात काय, पुढे काय, चाकाखाली काय. बोलला नाहीस म्हणजे तू पाहिलं नाहीस. तोंड बंद झालं की 'सार', शिकणारे अप्पांना तसंच म्हणत, डाव्या सीटवरून हात लांब करून इंजिन बंद करत, मग भर उन्हात मैदानाच्या मधोमध का असेना. तंजावरहून आलेल्या त्यांच्या गोतावळ्यात सगळे राव बँकेत, रेल्वेत, शाळेत. लग्नकार्यात अप्पांची ओळख "ट्रान्सपोर्टमध्ये असतात" अशी करून दिली जाई, आणि अप्पा लगेच दुरुस्त करत: "लॉरी. चौदा चाकांची." घरातही त्यांना ती सवय सोडवत नसे. दूध उतू जातंय, अत्याचं लक्ष सीरियलमध्ये, ऊर्मी पुस्तकामागे. पाहिलेलं सगळं बोलून टाकणाऱ्या त्या घरात ऊर्मी हळूहळू न बोलणारी झाली. तिची मराठीदेखील पुस्तकांतून आलेली. अप्पा तिला पुण्याची मराठी म्हणत आणि तिने 'तथापि' म्हटलं की टाळ्या वाजवत.

स्टेशनच्या जिन्याखाली त्यांनी नेहमीसारखं "पोचलीस कीं" असं म्हणायला सुरुवात केली आणि थांबले. कपाळावर हात मारला. "फोन बसलाय नाही कां! आज राहूं दे." ती जिन्यावरून वर गेली. हातात पुस्तक नव्हतं म्हणून एकदा वळून पाहिलं. ते खाली उभे होते, पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, कोणाला तरी काहीतरी सांगत. त्यांच्या शेजारी कोणी नव्हतं.

पहाटे तिच्या फोनवर शरण्याचा नंबर आला. शरण्या म्हणजे अप्पांच्या शेजारची मुलगी. "अंकल उठत नाहीयेत. तुम्ही या," एवढंच ती इंग्रजीत म्हणाली. गाडीत बसल्यावर ऊर्मीच्या मनात आलं, अत्याने स्वतः का नाही केला फोन? मग लक्षात आलं की अत्याकडे फोन नाही, आणि अप्पांचा पूजेला बसलाय, आणि उत्तरपूजा झालेली नाही. भाऊ खुर्चीत थंड पडलेला पाहूनही अत्या त्या पाटाला वळसा घालून, अनवाणी, शेजारच्या दारावर गेली होती.

अप्पा खुर्चीत होते. खुर्ची पाटासमोर होती. रात्री कधीतरी उठून ते तिथे येऊन बसले असणार. हात मांडीवरून घसरून लोंबत होता आणि त्या हातापासून फोन दीड वितीवर होता. ऊर्मी गुडघ्यांवर बसली आणि तिने पहिल्यांदा अप्पांकडे नाही, फोनकडे पाहिलं. काचेवरचं कुंकू गोल होतं, अंगठ्याच्या रेषांसकट. अक्षता जशाच्या तशा होत्या. एकही दाणा हलला नव्हता. त्यांना हात पुढे करता आला नाही, की त्यांनी केला नाही? तिचं मन तिथेच अडकलं आणि पुढे सरकेना. आणि तेवढ्यात फोन वाजायला लागला.

काचेवरच्या अक्षता थरथरायला लागल्या. कुंकवाच्या खाली नाव उमटलं: रविकांत टँकर. दसऱ्याची सकाळ होती. शिकून गेलेली माणसं या दिवशी आपल्या गुरूला फोन करायची, हे तिला ठाऊक होतं. लहानपणी या दिवशी अप्पांच्या तोंडात घास असा जायचाच नाही. वाजून वाजून तो थांबला आणि पुन्हा वाजला. वेंकट दहा चाकी. आशिष ट्रेलर. प्रत्येकाच्या नावापुढे त्याची गाडी. नागपूरच्या रस्त्यावरून, विजयवाड्याच्या टोलनाक्यावरून, कुठल्या कुठल्या धाब्यांवरून माणसं फोन करत होती, आणि अप्पा तिथेच, दीड वितीवर. ऊर्मीने हात पुढे केला तेव्हा अत्या दारातून म्हणाली, "नको. सुतक लागलंय आतां. बसवलेलं हलवायचें नाहीं." ती काही मोठ्याने म्हणाली नाही. पण ऊर्मीचा हात मागे आला. पुढे तिला वाटत राहिलं की तो अत्याच्या सांगण्याने मागे आलाच नव्हता. त्या फोनवर कोणीतरी "सार" म्हणणार, आणि मग काहीतरी सांगावं लागणार, म्हणून आला होता. डॉक्टर आले, कागद झाला, चुलतभाऊ बंगळूरहून येऊन पोचला, अप्पांना न्हाऊ घातलं, आणि फोन वाजत होता. त्यांना उचलून जिन्यावरून खाली नेलं तेव्हाही वाजत होता. स्मशानातून परतल्यावर वाजत होता. रात्री त्याची बॅटरी संपली आणि घरात जी शांतता पसरली तिने ऊर्मी दचकून उठून बसली, कोणीतरी गेल्यासारखं वाटून.

त्या दिवसांत तिने ते कोणालाच सांगितलं नाही. म्हणजे कळवलं सगळ्यांना. ऑफिसच्या गटावर इंग्रजीत एक वाक्य टाकलं, ज्यात 'पास्ड अवे' असे दोन शब्द होते, आगगाडी एखाद्या स्टेशनावरून न थांबता निघून जावी तसे. भेटायला येणारे तमिळमध्ये विचारत, शरण्याची आई उत्तर देई, आणि ऊर्मी मान हलवी. तिच्या तोंडून तो शब्द निघाला नव्हता. ती कॉफी करत होती, भटजींच्या दक्षिणेचं बघत होती, अत्याच्या पायाला तेल लावत होती, आणि आत कुठेतरी ती अजून त्या मेट्रोच्या जिन्यावर वळून उभी होती. रडू आलं नाही. घशाच्या खाली काहीतरी कोरडं, सुंडलाच्या हरभऱ्याएवढं, बसलं होतं. पाण्याबरोबर ते हलायचं आणि परत जागेवर यायचं.

एकदा, तेल लावता लावता, अत्या म्हणाली, "तुझी आई गेली तेव्हां तो कसा ओरडला होता, आठवतें तुला?" आठवतं म्हणजे काय! ती अकरावीत होती. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग, समोर माणसं डबे उघडून इडल्या खात होती, आणि तिच्या मांडीवर रसायनशास्त्राचं पुस्तक. अप्पा दार ढकलून बाहेर आले. त्यांनी तिला जवळ घेतलं नाही, बाजूला नेलं नाही. दहा हातांवरून, इंजिनच्या आवाजावर चढवायच्या आवाजात म्हणाले, "ऊर्मी, आई गेली." इडली खाणारी माणसं खाता खाता थांबली. एका म्हातारीच्या हातातला घास तसाच राहिला. आणि अप्पांनी पुन्हा म्हटलं, जरा आणखी मोठ्याने, "आई गेली." ऊर्मीला त्या क्षणी आईचं काही वाटलंच नाही. तिला फक्त वाटलं, हा माणूस किती निर्दय आहे, याला हळू बोलता येत नाही, याला एकदा सांगून पुरत नाही. ते ती कधी विसरली नाही आणि तिने कधी त्यांना सांगितलंही नाही. त्यानंतर ती पुस्तकांकडे वळली ती वळलीच. पुस्तकांत माणसं मरत तेव्हा मधे कोरी ओळ असायची.

अत्या म्हणाली, "मला वाटलें वेड लागलें त्याला. मग मी विचारलें, जनकोजी, पोरीला असें सांगतात कां? तर म्हणाला, 'अक्का, मी तिला नाहीं सांगितलें. मीच ऐकत होतों.'" आणि दुसरा पाय पुढे करून, "टाच राहिली बघ तुझी."

ऊर्मीचा हात टाचेवर तसाच राहिला. ती एवढी हादरली की अत्याने "झोपलीस कां डी?" असं विचारलं. इतकी वर्षं घरातल्या घरात ते वाक्य पडून होतं. अत्याजवळ, मीठ-मसाल्यांच्या डब्यांसारखं.

तेरावं झालं. भटजींनी घरभर पाणी शिंपडलं, पाटावर शिंपडलं आणि म्हणाले, उचला आता. झेंडू वाळून तपकिरी झाले होते. अत्याने विळी घेतली. ऊर्मीने पुस्तक घेतलं, खुणेचं पान उघडलं आणि मिटलं. ते कोणीतरी दुसरीच बाई वाचत होती. किल्लीच्या खाचांत कुंकू गेलं होतं. फोन तिने पुसला नाही, तसाच चार्जिंगला लावला, आणि तो जिवंत होता होताच वाजला. सुब्बा चौदा चाकी. या वेळी हात मागे आला नाही, का कोण जाणे.

"सार! किती दिवस लावतोय! दसऱ्याला पण उचलला नाही. रागावलात?"

"मी ऊर्मी. त्यांची मुलगी," तीही त्याच्यासारखीच तमिळमध्ये म्हणाली.

"ओ, ऊर्मी अक्का! सार सांगतात तुमच्याबद्दल. घरभर पुस्तकं, चालायला जागा नाही म्हणतात. कुठे आहेत सार?"

खुर्ची रिकामी होती. समोरच होती. ऊर्मीने तोंड उघडलं, आणि ती म्हणाली, "मैदानावर."

"बरोबर, सकाळची बॅच. अक्का, मी गुवाहाटीहून माल घेऊन येतोय, अर्ध्याहून जास्त रस्ता झाला. उतरवायचा गुम्मिडिपूंडीलाच आहे. परवा थेट मैदानावरच येतो. सारना सांगू नका हां! अचानक समोर उभा राहणार. चार वर्षं झाली भेटून. पहिल्या दिवशी माझं इंजिन किती वेळा बंद केलं त्यांनी, विचारा."

फोन ठेवल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली. मैदानावर. ती खोटं बोलली असं तिला वाटलंच नव्हतं. शब्द तोंडातून निघाला तेव्हा क्षणभर अप्पा खरोखर मैदानावर होते, पांढऱ्या शर्टात, वेड्या बाभळींच्या सावलीत. ती त्या माणसाला पुन्हा फोन करू शकत होती. अंगठा नावावर ठेवून बसली. तो आत्ता लॉरी चालवत असेल, घाटात असेल, असं स्वतःला सांगत राहिली. मग फोन परत वाजला तो कनकाचा. कनका अप्पांचीच विद्यार्थिनी. नवऱ्याची लॉरी उभी राहिली म्हणून चालवायला शिकली आणि आता त्याच शाळेत शिकवत होती. ती त्या दिवशी स्मशानापर्यंत येऊन गेली होती. "अक्का, गाडीची किल्ली तुमच्याकडे आहे ना? दुसरी सारनी केव्हाच हरवलीय. गाडी तेव्हापासून तशीच उभी आहे. मालक म्हणतो, वायर जोडून सुरू करा. मी म्हटलं, सारची गाडी चोरासारखी सुरू करणार नाही. तुम्ही आणून द्या."

म्हणून परवाच्या दिवशी ऊर्मी गुम्मिडिपूंडीच्या लोकल गाडीत बसली. उजव्या मुठीत किल्ली होती. आपण किल्ली द्यायला चाललोय असं ती मनाशी म्हणत होती; पण सुब्बा यायच्या आधी पोचायचं, दारातच गाठायचं आणि सांगायचं, हे तिने रात्रभर घोकलं होतं. काय सांगायचं ते मात्र घोकलं नव्हतं. गाडी एन्नोरच्या खाडीवरून गेली. पाण्यात राखेचा रंग होता. अप्पा रोज याच खिडक्यांतून बघत, बोलत गेले असणार: खाडी, होडी, होडीत कोणी नाही. शेजारी बसणारे काय समजत असतील? ती या वाटेने शेवटची आली तेव्हा दहा-बारा वर्षांची होती. तेव्हा तिने तो प्रकार पाहिला होता: एक मिशावाला दांडगा माणूस स्टीअरिंगला चिकटून बसलेला, घामाने निथळत, आणि शाळेत कविता म्हणून दाखवावी तसा ओरडतोय, "डावीकडे ड्रम! उजवीकडे कुत्रा! कुत्रा उठला!" ती पोट धरून हसली होती. अप्पांनी तिच्याकडे पाहून विचारलं होतं, "शिकायचें?" ती नाही म्हणाली होती. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. लॉरी शिकवणाऱ्याच्या मुलीला सायकलपलीकडे काही चालवता येत नाही, हा घरातला एक जुना विनोद होता. आता तो सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

मैदान म्हणजे कारखान्यांच्या भिंतीमागची लाल मातीची मोकळी जागा. रिकामे ड्रम मांडून केलेल्या गल्ल्या, एका टोकाला पत्र्याची शेड, आणि शेडच्या पुढे लॉरी. ऊर्मी थबकली. लॉरी खंडेनवमीतच उभी होती. पुढच्या बंपरला बांधलेल्या केळीच्या खुंटांचं काळं चिपाड झालं होतं. काचेवर चंदनाचे ओघळ सुकले होते, हाराचा नुसता दोरा लोंबत होता. आणि चारी टोकांच्या चाकांपुढे एकेक लिंबू, वाळून, आक्रसून, जांभळाएवढं. विजयादशमीला सकाळी अप्पा येऊन गाडी सुरू करणार, लिंबं चिरडून ती पहिली फेरी मारणार, आणि मग नवी बॅच सुरू होणार, असा नेम होता. लिंबं वाट बघत राहिली होती.

"या," कनका म्हणाली. तिचे डोळे किल्लीवर होते. तिने ती घेतली नाही. "तुम्हीच बसा."

"मला येत नाही."

"कोणाला येतं? सगळे न येताच येतात."

"लायसन नाही माझ्याकडे. शिकाऊसुद्धा."

"मग काय मद्रास ते दिल्ली जायचंय? मैदान आहे, चार लिंबं आहेत. ब्रेक, क्लच माझ्याकडे पण आहेत. तुम्ही फक्त स्टीअरिंग धरा आणि बोला."

"सुब्बा येणार आहे," ऊर्मी म्हणाली.

"कोण? आपला चौदा चाकी सुब्बा? त्याला माहीत आहे ना?"

ऊर्मी लॉरीच्या पायरीवर चढली. ती का चढली हे तिला सांगता आलं नसतं. खाली उभं राहून कनकाच्या डोळ्यांना उत्तर देण्यापेक्षा ते सोपं होतं. आत रेक्झिनचा, डिझेलचा, शिळ्या उदबत्तीचा वास होता, आणि त्या सगळ्याखाली अप्पांच्या खांद्याला लावायच्या मलमाचा. एवढ्या उंचीवरून मैदान वेगळंच दिसत होतं, आणि जमिनीचा जवळचा भाग तर दिसतच नव्हता. कनका डावीकडून चढली. डावी सीट मागे सरकवलेली होती, लांब पायांच्या माणसासाठी, आणि गंजून तिथेच बसलेली. कनकाचे पाय पेडलपर्यंत पोचेनात. ती दोनदा पुढेमागे हलली, मग खाली उतरली आणि शेडमधून एक घडी केलेलं पोतं आणून तिने पाठीमागे घातलं. तिच्या बाजूच्या ब्रेकचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. शिकणाऱ्याच्या बाजूचं तसं झिजलं नव्हतं.

किल्ली फिरवली. सगळी केबिन थरथरली, आणि ऊर्मीला काचेवरच्या अक्षता आठवल्या. "थांबा," कनका म्हणाली, "एवढे दिवस उभी होती. हवा भरू द्या. हवा भरल्याशिवाय ब्रेक सुटत नाही." एका तबकडीत काटा अगदी सावकाश वर चढत होता. दोघी त्याच्याकडे बघत बसल्या. काहीच करायचं नव्हतं. ऊर्मीला या बसून राहण्याने बरं वाटलं. असंच बसून राहता आलं तर, असं तिच्या मनात आलं, इंजिन चालू, काटा अर्ध्यावर, आणि कोणी काही विचारत नाही. मग खालून मोठा सुस्कारा ऐकू आला आणि ब्रेक सुटला.

"बोला."

"काय?"

"दिसेल ते. सारची पद्धत तुम्हाला मी सांगू?"

ऊर्मी गप्प. कनकाने शांतपणे हात लांब करून इंजिन बंद केलं. पुन्हा सुरू केलं. "बोला, अक्का."

"समोर... ड्रम आहेत."

"कोणाला सांगताय? कानात? इंजिनपेक्षा मोठ्याने."

"समोर ड्रम!" स्वतःचा आवाज तिला परका वाटला, जाडाभरडा. "उजवीकडे भिंत. भिंतीवर कावळा. डावीकडे बाभूळ." चाकांखाली काहीतरी अगदी हलकं, नुसतं फुटल्यासारखं झालं. ते ऐकू आलं नाही, स्टीअरिंगमधून हातांना कळलं. "लिंबू," ती म्हणाली. आणि पुन्हा, "लिंबू." लॉरी चालत होती. एवढं मोठं धूड तिच्या हातांखालून पुढे सरकत होतं आणि ती त्याला एकेक वस्तू सांगत होती, आणि सांगितलेली वस्तू पक्की होत होती, जागेवर बसत होती. सांगायच्या आधी ती नुसती हलत असायची. तिला कॉरिडॉर दिसला. इडल्या, म्हातारीचा हात. मीच ऐकत होतों. "पुढे वळण. आरशात धूळ. धूळ आपलीच. गेटातून एक माणूस येतोय."

"कसा?"

"ठेंगणा. लुंगी. हातात पिशवी. पिशवी जड. त्याने गाडी ओळखली. तो हात हलवतोय. तो..." त्या माणसाची नजर तिच्यावर नव्हती. ती डाव्या खिडकीवर होती. चेहरा आधीच हसरा झाला होता, उन्हात डोळे बारीक करून तो त्या खिडकीत एका माणसाला शोधत होता आणि अजून सापडला नाही म्हणून आणखी हसत होता. ऊर्मीचं तोंड मिटलं. डावीकडे कनकाचा पाय ब्रेकवर गेला आणि लॉरी हिसका देऊन थांबली. कनकाचा हात किल्लीकडे निघाला. अर्ध्या वाटेवर तो राहिला.

"अक्का! तुम्ही स्टीअरिंगवर!" सुब्बा खिडकीखाली येऊन उभा राहिला. त्याने पिशवी वर धरली. "आसामचा चहा आणलाय. सारना सांगितलं नाहीत ना? कुठे लपलेत?"

कनकाने मान फिरवून तिच्याकडे पाहिलं. ऊर्मीने दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरलं. रेक्झिन घामाने चिकट झालं होतं. पाहिलं ते बोल.

"उजव्या आरशात ड्रम," ती म्हणाली. "समोर मैदान. मैदानात कोणी नाही. खाली सुब्बा. डाव्या सीटवर कनका. कनकाच्या पाठीमागे पोतं." सुब्बा अजून हसत होता, पण आता हसू नुसतं तोंडावर राहिलं होतं, डोळे कनकाकडे गेले होते. ऊर्मीने श्वास घेतला. पुढचे शब्द तमिळमध्ये आले नाहीत, इंग्रजीतही नाहीत. खाली उभ्या असलेल्याला आणि शेजारी बसलेलीला, दोघांनाही मराठी येत नव्हती.

"अप्पा गेले," ती म्हणाली.

इंजिन चालू होतं. म्हणून तिने ते पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्याने.

"अप्पा गेले."